न लावलेला गंधार

तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. पहिली पंचमाची, जोडाच्या दोन षड्जाच्या, चौथी खर्जाची. तरीही तंबोरा चोख लागला की खर्जातून गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

कोणताही सूर एकटा नसतो. तार सेकंदाला १०० वेळा थरथरली, तर त्यातच २००, ३००, ४००, ५०० कंपनांचे उपस्वरही वाजतात. मूळ सूर पहिला धरला, तर तिसरा पंचम, पाचवा गंधार. पेटीतल्या गंधारापेक्षा हा किंचित उतरता. तयार कानांना पेटी खुपते ती यामुळेच.

फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिझे (१९४६–१९९८) यांनी १९७५ मध्ये याच उपस्वरांवर ‘पार्सिएल’ ही १८ वादकांची रचना बांधली. ट्रोम्बोनच्या एका खर्ज सुराचं विश्लेषण करून त्यातले उपस्वर त्यांनी वेगवेगळ्या वाद्यांना वाटून दिले. आधी ट्रोम्बोन आणि डबल बास घुमतात, मग त्यांच्यावर एकेक वाद्य चढत जातं. सातवा उपस्वर पियानोच्या कोणत्याच पट्टीवर नेमका बसत नाही, म्हणून वादकांना पाव-पाव स्वर वाजवावे लागतात. पुढे दर आवर्तनात सूर खरबरीत होत होत गोंगाटाकडे सरकतो. या धाटणीला स्पेक्ट्रल म्युझिक म्हणतात.

उपस्वर फुलवण्याची कला मिरजेचे कारागीरही पिढ्यान्‌पिढ्या जपत आले आहेत. पंढरपूर भागातल्या भोपळ्यापासून तंबोरा घडतो, पण त्याचा जीव तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीत असतो. घोडीची पाठ कानशीनं घासून तिला अगदी हलका उतार देतात आणि तारेखाली सुती दोरा सरकवतात. तार त्या उताराला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि उपस्वर झळाळून उठतात. हीच जवारी. तारेच्या ज्या बिंदूवर एखादा उपस्वर स्थिर असतो, तिथेच ती छेडली तर तो उमटू नये, असा नियम. तंबोऱ्यात तो तरीही उमटतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं. मला तर ही कानस ग्रिझेंच्या लेखणीइतकीच मोलाची वाटते.

हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीला, संत नामदेवांच्या गावी, वीणेच्या अखंड सुरावर कीर्तन ऐकणाऱ्यांना ‘पार्सिएल’ परकं वाटू नये. चाल शोधू नये, सुराच्या पोटात काय चाललंय तिकडे कान द्यावा. आवडलं तर ‘पार्सिएल’ ज्याचा भाग आहे ते पूर्ण ‘लेझ एस्पास अकूस्तिक’ ऐकावं: १९७४ ते १९८५ या काळात लिहिलेल्या सहा रचनांची ही मालिका एकट्या व्हियोलापासून सुरू होते आणि चार हॉर्नसह मोठ्या वाद्यवृंदापर्यंत जाते.