मोर्शीने कौल दिला. पण कोणी, कोणाला?

निवडणुकीचा निकाल लागला की चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत एकच चर्चा सुरू होते. ‘अमक्या गावाने तमक्याला मते दिली’, ‘संत्रा बागायतदार फिरले’, ‘मजूर वर्ग इकडे आला’. ही विधाने इतक्या खात्रीने केली जातात की त्यांना पुरावा काय, असे कोणी विचारत नाही. आपण तो विचारून पाहू. उदाहरण घेऊ अमरावती जिल्ह्यातील मोर्शीचे.

मोर्शी विधानसभा मतदारसंघात वरूड व मोर्शी तालुक्यांतील गावे येतात. जिल्हा अमरावती असला तरी २००९ पासून हा मतदारसंघ वर्धा लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. येथून २००९ मध्ये डॉ. अनिल बोंडे अपक्ष म्हणून निवडून आले आणि २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे. मे २०१९ मध्ये वर्ध्याची लोकसभेची जागा भाजपने जिंकली. ऑक्टोबरमध्ये मात्र मोर्शीत स्वाभिमानी पक्षाचे देवेंद्र भुयार यांनी तेव्हा कृषिमंत्री असलेल्या बोंडे यांचा पराभव केला. २०२४ मध्ये उलटे घडले. जूनमध्ये वर्ध्यातून राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे अमर काळे निवडून आले, तर नोव्हेंबरमध्ये मोर्शीत भाजपचे उमेश यावलकर.

यावरून ‘मोर्शीकरांनी दोन्ही वेळा पाच महिन्यांत मत बदलले’ असे म्हणता येईल का? नाही. वर्ध्याचा निकाल ही आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा, धामणगाव रेल्वे व मोर्शी या सहा मतदारसंघांची बेरीज आहे. बेरजेवरून एका घटकाची किंमत सांगता येत नाही, हे आपण मुलांना गणितात शिकवतोच.

मग मतदान केंद्रानिहाय आकडे घेतले तर? तेथेही हीच अडचण येते. दोन काल्पनिक केंद्रे घेऊ. प्रत्येक केंद्रावर १००० मते पडली. पहिल्या केंद्रावर ७०० बागायतदार व ३०० मजूर. दुसऱ्यावर ३०० बागायतदार व ७०० मजूर. ‘क’ पक्षाला पहिल्या केंद्रावर ६०० आणि दुसऱ्यावर ४०० मते मिळाली. जेथे बागायतदार जास्त तेथे ‘क’ला मते जास्त, म्हणजे ‘क’ हा बागायतदारांचा पक्ष! आता प्रत्यक्ष मतदान असे झाले असे समजा: पहिल्या केंद्रावर ३३० बागायतदार व २७० मजूर ‘क’च्या बाजूने, दुसऱ्यावर १०० बागायतदार व ३०० मजूर. बेरीज करा. १००० बागायतदारांपैकी ४३०, तर १००० मजुरांपैकी ५७०. निष्कर्ष पार उलटा ठरला. उमेदवार पहिल्या गावचा असेल, तर तेथील दोन्ही गट त्याच्याकडे झुकतील आणि असे सहज घडेल.

समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीविषयी अनुमान काढण्याचा हा दोष रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये दाखवून दिला. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत, परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण ज्या राज्यांत जास्त होते तेथे निरक्षरता कमी दिसत होती. व्यक्तिशः पाहिले तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता अधिक होती. ते लोक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढेच!

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. मतदान यंत्रांवर मोजणी यंत्रागणिक होते, त्यामुळे केंद्रागणिक आकडे उघड होतात. ‘तुमच्या गावाने मते दिली नाहीत’ असे म्हणायला मग आधार मिळतो, आणि मत देणारे व न देणारे दोघेही त्यात भरडले जातात. यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांची एकत्रित बेरीज करणारे ‘टोटलायझर’ हे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली. मतदान केंद्रावर काम केलेल्या शिक्षकांना मतांच्या हिशेबाचा कागद परिचयाचा असतो. तो भरताना या प्रश्नाचा विचार जरूर करावा.

वर्गात एक प्रयोग करता येईल. पायी येणाऱ्या मुलांना पांढऱ्या व सायकलने येणाऱ्यांना पिवळ्या चिठ्ठ्या द्या. संत्रे की पेरू, एवढेच त्यांनी लिहावे. दोन वर्गांच्या दोन पेट्या ठेवा. आधी फक्त पेटीनिहाय बेरीज फळ्यावर लिहून ‘सायकलवाल्यांना काय आवडते?’ हे ओळखायला सांगा. मग रंगानुसार चिठ्ठ्या मोजा व अंदाज तपासा. एखाद्या पेटीत सगळ्याच चिठ्ठ्यांवर ‘संत्रे’ निघाले, तर मुलांना विचारा: कोणाचीही चिठ्ठी न पाहता प्रत्येकाचे मत आपल्याला कसे कळले? गुप्त मतदानाचा अर्थ त्यांना तेथेच उमगेल.