पोटातलं चुकीचं पान

मुलांनो, तुमच्या डोळ्यातली पेशी आणि जठरातली पेशी, दोघींजवळ एकच पुस्तक असतं. या पुस्तकाचं नाव डीएनए. त्यात सुमारे २० हजार धडे असतात. एकेक धडा म्हणजे एक जनुक. कोणतं प्रथिन कसं बनवायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. मग एक पेशी पाहायला मदत करते आणि दुसरी आम्ल बनवते, हे कसं?

वर्गात काय होतं, ते आठवा. पुस्तक सगळ्यांकडे तेच. पण बाई म्हणतात, "पान बेचाळीस काढा," की तेवढंच पान उघडतं. पेशीतही अशा 'बाई' असतात! त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. आपण त्यांना 'नियामक' म्हणू. तीही प्रथिनंच. ती डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात. मग त्या जनुकाची नक्कल उतरवली जाते आणि नकलेवरून प्रथिन तयार होतं. काही नियामक उलट जनुक बंद ठेवतात. माणसात असे सुमारे १,६०० नियामक आहेत.

'सीडीएक्स-२' हा त्यातलाच एक. त्याचं काम आतड्यात. जठरात तो गप्प असतो. पण जठराला वर्षानुवर्षं सूज राहिली, तर तो तिथेही जागा होऊ शकतो. मग जठराच्या पेशी आतड्याचं पान उघडून बसतात! २००२ साली शास्त्रज्ञांनी उंदरांच्या जठरात हा नियामक मुद्दाम चालू केला, तेव्हा जठराचं अस्तर खरोखरच आतड्यासारखं झालं. हा कर्करोग नव्हे. पण त्या वाटेवरची एक पायरी आहे.

दुसरा नियामक 'पी-५३'. त्याचा शोध १९७९ साली लागला. डीएनएला इजा झाली, की तो पेशीची वाढ थांबवणारी जनुकं चालू करतो. दुरुस्ती होईना, तर त्या पेशीला संपवतो. जठराच्या कर्करोगात पुष्कळदा पी-५३ चंच जनुक बिघडलेलं असतं. मग बिघडलेल्या पेशींना आवरणार कोण?

ही सूज येते कशाने? बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे. जठरातल्या आम्लात जंतू टिकणारच नाहीत, असं पूर्वी डॉक्टरांना वाटे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हे जंतू चक्क पिऊन पाहिले, आणि त्यांच्या जठराला सूज आली! २००५ साली त्यांना व रॉबिन वॉरन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. (तुम्ही मात्र असलं काही करू नका हं!)

घाबरायचं कारण नाही. हा जंतू पोटात असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, आणि औषधांनी तो जातो. पण तो बहुधा लहानपणीच पोटात शिरतो. म्हणून जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा, स्वच्छ पाणी प्या.

पालकांनो, पोटदुखी आठवडेच्या आठवडे थांबत नसेल, वजन घटत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर नुसती पित्ताची गोळी घेऊन दिवस काढू नका. डॉक्टरांना दाखवा. रोग लवकर कळला, तर बरं होण्याची आशा खूप वाढते.

आणि मुलांनो, कर्करोग शिवल्याने होत नाही. घरात, शेजारी कुणी आजारी असेल, तर त्यांच्याजवळ बसा, गप्पा मारा. हे पुस्तक उघडायला कुठल्याही बाईंनी सांगायला नको!