लडाख : वाट आणि सीमा

लडाख म्हटले की डोळ्यांपुढे बर्फ आणि बंदुका उभ्या राहतात. आम्हांस मात्र या प्रांताचा विचार पाण्यापासून करावासा वाटतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. हिमालय पावसाळी ढग अडवितो, म्हणून तेथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. शेतकरी वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटाने आणून जव आणि जर्दाळू पिकवितो. एवढ्याशा शेतीवर लेहचा बाजार भरभराटला नसता. त्याला पोसले ते यारकंद आणि तिबेटकडे ये-जा करणाऱ्या व्यापारी तांड्यांनी. १९४९ मध्ये यारकंदची वाट मिटली. १९६२ च्या युद्धापर्यंत तिबेटचीही संपली. वाटेची सीमा झाली. आज लष्कराच्या गरजा, सरकारी नोकऱ्या आणि प्रवासी यांवर पुष्कळांचा संसार चालतो. चांगथांगचे पशुपालक मात्र अजून पश्मिना लोकर देणाऱ्या शेळ्यांवर जगतात. २०२० च्या संघर्षानंतर सीमेलगतची काही हिवाळी कुरणे त्यांना दुरावली. सीमा राखावयाची, तर तिच्या अलीकडे चरणारी ही शेळीही जगली पाहिजे, असे आम्हांस वाटते.