बापू नाडकर्णी : मेडनच्या पलीकडचे

बापू नाडकर्णींचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "सलग एकवीस मेडन टाकणारे!" त्याच्या पाठोपाठ, जाणकाराच्या थाटात, दुसरं येतं : "पण विकेट कुठे मिळायच्या त्यांना? नुसत्या धावा रोखायचे." ४१ कसोटी सामन्यांची कारकीर्द एका दुपारीत गुंडाळून टाकायची ही सवय आता तरी मोडायला हवी.

गैरसमज : बापू फक्त धावा रोखायचे, विकेट काढणं त्यांचं काम नव्हतं.

वस्तुस्थिती : आधी ती दुपार नीट पाहू. जानेवारी १९६४, मद्रासचं कॉर्पोरेशन स्टेडियम, समोर इंग्लंडचे ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. बापूंचं पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, विकेट शून्य. टीकाकारांची नजर त्या शून्यावर अडते. त्याच डावात चंदू बोर्डे यांनी पाच गडी बाद केले, हे मात्र कुणी सांगत नाही. एका टोकाकडून धाव मिळेनाशी झाली की फलंदाजाला दुसऱ्या टोकाकडे धोका पत्करावा लागतो. क्रिकेट खेळलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

आता त्याच वर्षीचा ऑक्टोबर. मैदान तेच, समोर ऑस्ट्रेलिया. बापूंनी पहिल्या डावात ३१ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ९१ धावांत ६ गडी बाद केले. सामन्यात ११ विकेट! भारत ती कसोटी हरला, म्हणून ही कामगिरी विसरली गेली. सामना तर जानेवारीतलाही अनिर्णितच राहिला होता. तो मात्र सगळ्यांना तोंडपाठ. पुढे १९६८ मध्ये वेलिंग्टनला बापूंनी न्यूझीलंडचे ६ गडी ४३ धावांत टिपले आणि भारताने सामना जिंकला. परदेशात भारताने जिंकलेली पहिली कसोटी मालिका ती हीच. तेव्हा बापूंनी पस्तिशी गाठत आणली होती आणि तीच त्यांची शेवटची मालिका ठरली.

आकडेच हवे असतील तर तेही घ्या. सुभाष गुप्ते यांना आपण सामना फिरवणारा गोलंदाज मानतो, आणि ते योग्यच आहे. गुप्ते यांच्या १४९ विकेट २९.५५ च्या सरासरीने आल्या. बापूंच्या ८८ विकेटची सरासरी आहे २९.०७. बापूंना एका विकेटसाठी सुमारे १०४ चेंडू लागत, गुप्ते यांना ७६. हा फरक खराच, तो नाकारायचं कारण नाही. पण विकेटमागे मोजलेली किंमत दोघांची जवळपास सारखीच आहे. मग एक जादूगार आणि दुसरा नुसता कंजूष, हा न्याय कुठला?

गैरसमज : फलंदाजी म्हणजे शेवटी येऊन थोडीफार बॅट फिरवणं.

वस्तुस्थिती : १९५५ मध्ये दिल्लीला पदार्पणाच्या कसोटीत नाबाद ६८. त्या मद्रासच्याच मालिकेतली कानपूरची कसोटी तर मुळातून वाचावी अशी. इंग्लंड ८ बाद ५५९, भारत २६६, फॉलोऑन. पहिल्या डावात बापू नाबाद ५२. दुसऱ्या डावात तिसऱ्या क्रमांकावर येऊन नाबाद १२२. सामन्यात एकदाही बाद न होता १७४ धावा करून त्यांनी, दिलीप सरदेसाईंच्या ७९ आणि ८७ धावांच्या साथीने, सामना वाचवला. प्रथम श्रेणीत त्यांची १४ शतकं आहेत, त्यांतलं एक नाबाद २८३.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*"सलग सर्वाधिक निर्धाव चेंडूंचा कसोटी विक्रम बापूंचा."* सलग २१ निर्धाव षटकांचा विक्रम त्यांचाच. पण चेंडू मोजले तर बापूंचे १३१ आणि दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डचे, १९५७ मध्ये डर्बनला, १३७. तेव्हा तिथे आठ चेंडूंचं षटक असे.

*"कसोटीतले सर्वांत काटकसरी गोलंदाज."* षटकामागे १.६७ धावा हा आकडा थक्क करणाराच आहे, पण ट्रेव्हर गोडार्डचा १.६४ आहे.

*"मूळचे मुंबईकर."* जन्म नाशिकचा. रणजीत आधी महाराष्ट्राकडून खेळले, मुंबईकडून नंतर.

गोलंदाजीवर संघात जागा मिळवायची आणि वर संघ अडचणीत असताना बॅट घेऊन उभं राहायचं, हे दुहेरी काम बापूंनी तेरा वर्षं केलं. एकवीस मेडन जरूर सांगा, अभिमानाने सांगा. पण त्याच दमात मद्रासच्या अकरा विकेट आणि कानपूरचं नाबाद शतकही सांगा. ते वगळलंत तर बापू नाडकर्णी तुम्ही अर्धेच सांगितलेत.