मागे फिरण्याची तालीम

महाड-पोलादपूरला विमानतळ नाही. तरी वैमानिक कसे घडवले जातात याच्याशी इथल्या माणसांचा जिवाचा संबंध आहे. 22 जुलै 2021 रोजी तळिये गाव दरडीखाली गेले, महाड पुरात बुडाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईच्या आयएनएस शिक्रा तळावरून नौदलाचे सी किंग हेलिकॉप्टर पोलादपूरकडे निघाले. 3 मे 2024 रोजी महाडमध्ये राजकीय नेत्या सुषमा अंधारे यांना न्यायला आलेले खासगी हेलिकॉप्टर उतरताना कोसळले. सुदैवाने वैमानिक वाचला. तालुक्याच्या मैदानावर धावपट्टी नसते, टॉवर नसतो. उतरायचे की मागे फिरायचे, हे वैमानिकालाच ठरवावे लागते. प्रशिक्षणाने हा निर्णय शिकवायला फार उशीर केला, असे माझे मत आहे.

सुरुवात हात आणि नजर तयार करण्यापासून झाली. एडविन लिंक यांची जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारी, भात्यांवर डुलणारी पेटी 1929 ची. अमेरिकी लष्कराने ती 1934 मध्ये घेतली, तीही टपाल नेणारे वैमानिक खराब हवेत मेल्यावर. बाहेर न पाहता उपकरणांवर उडायचे, हा तिचा धडा. तो किती अवघड, हे 1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईने पाहिले. कल दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले होते, बाहेर क्षितिज दिसत नव्हते. इतर उपकरणांशी ताळा जुळण्याआधीच एअर इंडियाचे जम्बो वांद्र्याजवळ समुद्रात गेले. 213 जण दगावले. पुढे या पेटीचा सिम्युलेटर झाला, खिडकीत चित्र दिसू लागले. खऱ्या विमानात बिघाडाचा सराव करण्याची किंमत 8 मार्च 1994 रोजी दिल्लीत मोजावी लागली: इंजिन बंद पडल्याच्या सरावात शिकाऊ वैमानिकाने चुकीचा रडर दाबला आणि सहारा एअरलाइन्सचे विमान कोसळून नऊ जण मेले. तीच चूक सिम्युलेटरच्या बंद खोलीत झाली असती, तर यंत्र पुन्हा सुरू करून धडा पुढे चालू राहिला असता.

यावर आक्षेप असा, की खोलीत मरणाची भीती नसते, मग तिथली शिस्त आकाशात टिकेल कशी? कोझिकोडच्या विमान अपघाताचे उदाहरण पुढे येते. 7 ऑगस्ट 2020 रोजी पावसात, पाठीवर वारा असताना, सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्याची सूचना देऊनही उतरणे चालूच राहिले, असे तपास अहवाल सांगतो. 21 जण गेले. कॅप्टन अत्यंत अनुभवी होते. पण यातून सिम्युलेटर निरुपयोगी ठरत नाही. त्याचा वापर अपुरा ठरतो. ठरावीक मुदतीची सिम्युलेटर फेरी परीक्षा म्हणून दिली, की कौशल्य दाखवणे महत्त्वाचे होते आणि माघार हा आखून दिलेला एक प्रसंग उरतो. वाट पाहणारा पाहुणा, खाली जमलेली गर्दी, उशीर झालेली सभा, हे दडपण सिम्युलेटरच्या सरावात यायला हवे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लहान हेलिकॉप्टर कंपनीला कोट्यवधींचे यंत्र परवडणार नाही, आणि रोटरने उडवलेली धूळ तिथे हुबेहूब उभीही राहत नाही. दोन्ही गोष्टी मान्य. मात्र निर्णयाच्या सरावाला डोलणारा मंच लागतोच असे नाही. सावित्रीचे खोरे, कशेडी घाटावरचे पावसाळी ढग आणि घटत जाणारी दृश्यता दाखवणारे स्थिर यंत्र अनेक कंपन्यांना मिळून वापरता येईल. हवेची जाण मात्र खऱ्या उड्डाणातूनच येईल, शिक्षक शेजारी बसवून.