भाड्याचे घर सोडताना

अकरा महिन्यांचा करार संपत आला, की भाडेकरूच्या डोक्यात टेम्पो, डिपॉझिट आणि नव्या घराचे भाडे एवढेच विषय घोळू लागतात. प्रकृतीची आठवण होते ती सामान उतरल्यावर. शाळा सुरू होण्यापूर्वी घरे बदलण्याची एकच घाई असते. त्या दिवसांत माझ्या दवाखान्यात कंबर धरून किंवा खोकत येणारे रुग्ण हमखास वाढतात. त्यातला बराचसा त्रास टाळता येण्यासारखा असतो.

सर्वांत धोक्याची गोष्ट आधी सांगतो. मालकाने डिपॉझिट कापू नये म्हणून जाताना न्हाणीघर व संडास घासून लख्ख केले जातात. ब्लीचिंग पावडरने डाग निघाले नाहीत, की त्यावरच ॲसिड ओतले जाते. या मिश्रणातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, धाप लागते. दमेकऱ्याच्या तर जिवावर बेतू शकते. ही दोन्ही कधीही एकत्र वापरू नका. चुकून तसे झालेच तर लगेच मोकळ्या हवेत या आणि डोळे भरपूर पाण्याने धुवा. धाप काही तासांनीही वाढू शकते, म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेणे जड जात असेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

माळा आवरताना नाकातोंडावर रुमाल बांधा, धूळ ओल्या फडक्याने पुसा. दमा असलेल्याने तेवढा वेळ शेजारी जाऊन बसावे. पुस्तके व भांडी लहान खोक्यांत भरा. ओझे उचलताना कमरेत न वाकता गुडघे वाकवा आणि खोके अंगालगत धरा. कपाटासाठी हमाल घ्या. त्याची मजुरी कंबरदुखीच्या रजेपेक्षा स्वस्त पडते.

रक्तदाब, मधुमेह, फिट्स यांच्या औषधांची पिशवी टेम्पोत टाकू नका, हातात ठेवा. इन्सुलिन उन्हात खराब होते. ते गार पिशवीत न्या, पण बर्फाला चिकटू देऊ नका. गोठलेले इन्सुलिन वापरू नये. मुलांचे लसीकरण कार्ड, जुने रिपोर्ट आणि चिठ्ठ्याही त्याच पिशवीत असाव्यात.

घरात क्षयाचा रुग्ण असेल तर निघण्यापूर्वी सरकारी केंद्रात नवा पत्ता कळवा. पुढची औषधे नव्या ठिकाणच्या केंद्रातून मोफत मिळण्याची सोय होते. "तिकडे गेल्यावर बघू" म्हणून औषध मध्येच सोडले, तर आजार उलटतो आणि जंतू नेहमीच्या औषधांना दाद देईनासे होतात.

शेवटी घरातल्या आजी-आजोबांविषयी. नव्या घरात रात्री संडासाची वाट अंगवळणी पडलेली नसते आणि वाटेत खोकी पडलेली असतात. या वयात पडल्यावर खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण धरावे लागते. म्हणून पहिल्याच संध्याकाळी, बाकीचे सामान तसेच राहिले तरी चालेल, ती वाट मोकळी करा आणि तिथे एक दिवा रात्रभर चालू ठेवा.