आजी ऑनलाइन, आई ऑफलाइन!

पुण्यात बसून फुलचूरच्या आजीची काळजी घेता येते? येते की! पण नुसता कॅमेरा लावून नाही...

शुक्रवारची संध्याकाळ. स्टोरीची डेडलाइन डोक्यावर आणि मोबाइलच्या स्क्रीनवर आमचं फुलचूरचं घर. आजी पिशवीत लुगडी भरतेय. तिला ‘घरी’ जायचंय. गंमत म्हणजे ती घरातच आहे! आई दार अडवून उभी. मी पुण्यातून ओरडतेय, ‘आजी, अगं आपलंच घर आहे ते!’ भिंतीतून आलेल्या आवाजाने आजी आणखीच घाबरली.

आजीला डिमेन्शिया आहे. अल्झायमर हे त्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण. संध्याकाळ झाली की गोंधळ वाढणं, हेही त्यातलंच. फुलचूर गोंदियाला अगदी लागून. पण पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालं तर जवळपास अख्खा दिवस जातो. म्हणून मी काय केलं? कॅमेरा मागवला, बसवून घेतला आणि स्वतःलाच शाबासकी दिली.

दोन आठवड्यांनी आईचा फोन. ‘काहून लावला हा कॅमेरा? तू पाहून राहिली तिकडून, पण रात्री उठते कोण?’

बस्स! उत्तरच नव्हतं. मी आजीवर नजर ठेवत होते आणि मोडत चालली होती आई.

असं घर आमचं एकट्याचंच नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार, आपल्या देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असावा असा अंदाज आहे. आणि त्या प्रत्येकामागे एक आई, एक सून किंवा एक बायको जागी असते.

मग टेक्नॉलॉजी कुचकामी का? तसंही नाही. दोन उदाहरणं बघा. गोव्यात गावातल्याच माणसांना ट्रेनिंग देऊन डिमेन्शिया असलेल्यांच्या घरी पाठवलं गेलं. त्यांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते. ८१ कुटुंबांचा हा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झालेला दिसला. दुसरं उदाहरण ‘आयसपोर्ट’चं. सांभाळणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेला हा ऑनलाइन कोर्स. भारतात त्याची ट्रायल झाली, तेव्हा निम्म्याहून जास्त लोक मध्येच गळाले आणि ताणात म्हणावा तसा फरक दिसला नाही. कोर्स वाईट नव्हता हो! पण दिवसभर आजीमागे धावणारी बाई लॉगइन कधी करणार?

म्हणजे फोन माणसाच्या जागी नको. माणूस घरी पोचवायला हवा. हे कळलं आणि आमच्या घरातलं गणित बदललं.

आता फुलचूरमधल्याच एक मावशी आठवड्यातून तीन संध्याकाळी येतात. त्यांचे पैसे मी यूपीआयने पाठवते. तेवढ्या वेळात आई बाजारात जाते, बहिणीकडे जाते, नाहीतर चक्क झोपते. औषधांचे अलार्म, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, रिपोर्ट्सचं फोल्डर हे ‘बॅक ऑफिस’ माझ्याकडे. भाऊ बंगलोरहून रोज सहा वाजता जुनी गाणी लावून व्हिडिओ कॉल करतो. आजीला त्याचं नाव आठवत नाही, पण गाण्यावर हात ताल धरतो. आणि तो कॅमेरा? आईला विचारून आता फक्त बाहेरच्या दारावर!

आई मात्र तरीही एकदा रडली. तेव्हा मी तिला टेली-मानसचा नंबर दिला. सरकारची ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. चोवीस तास चालते आणि मराठीतूनही बोलता येतं. ‘मला काय वेड लागलं का?’ आई म्हणाली. पण एका दुपारी तिने स्वतःच फोन लावला. काय बोलली, मी विचारलं नाही. ‘बरं वाटलं,’ एवढंच म्हणाली.

परवा आजीने स्क्रीनवर मला विचारलं, ‘तू कोणाची गं?’ पूर्वी मी दुरुस्त करत बसायचे. आता म्हणते, ‘तुझीच.’ ती हसते. मागे आईही हसते. सध्या एवढं नेटवर्क पुरतं!

तुमच्याही घरी असं कुणी आहे? मग हे करा...

• विसरणं म्हणजे ‘वयच झालं’ असं ठरवू नका. थायरॉइड, बी-१२ची कमतरता आणि डिप्रेशन यांमुळेही विसरायला होतं आणि त्यावर उपाय आहेत. आधी डॉक्टरांना दाखवा.
• प्रवास झेपत नसेल तर ई-संजीवनी या सरकारी सेवेवर घरबसल्या डॉक्टरांशी मोफत बोलता येतं.
• टेली-मानस : १४४१६. पेशंटसाठी आणि त्याला सांभाळणाऱ्यासाठीसुद्धा.
• आजी-आजोबांच्या खिशात नाव आणि घरचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड ठेवा. चार्जिंगची कटकट नाही!
• फोन केलात की पहिला प्रश्न, ‘आजी कशी आहे?’ हा नको. ‘आई, तू झोपलीस का?’ हा विचारा.